नवरा-बायकोचा वर्ग: जोडप्यांना एकत्र बसवून शिकवल्यानं काय बदलतं? आणि उमापूरसारख्या गावात तो भरवायचा तर कधी?

बीड जिल्ह्यात 'कोयता' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे ऊस तोडायचं हत्यार. दुसरा म्हणजे ते चालवणारं जोडपं. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, हिशेब होतो तो कोयत्याचा आणि दोघांपैकी एकजण आजारी पडला तर खाडा धरला जातो तोही कोयत्याचाच. एकट्या माणसाला तिथे 'अर्धा कोयता' म्हणतात.

नवरा-बायकोला इतकं पक्कं एकत्र बांधणारा दुसरा धंदा शोधून सापडणार नाही. पण या दोघांनी एकमेकांशी कसं बोलावं, पैशाचं कसं ठरवावं, मूल कधी हवं, भांडण झालं तर काय करावं, हे दोघांना एकत्र बसवून कुणी कधी सांगितलेलं नसतं. लग्नाच्या आधी नाही आणि लग्नानंतरही नाही. गेवराई तालुक्यातल्या उमापूरमध्ये असो की पुण्यातल्या एखाद्या वस्तीत, यात फारसा फरक नाही.

जगभरात मात्र यासाठी वर्ग घेतले जातात. आठ-दहा जोडपी एका खोलीत गोलाकार बसतात, आठवड्यातून एकदा भेटतात आणि संसाराबद्दल बोलतात. ऐकायला हे थोडं विचित्र वाटतं. 'घरातलं भांडण चव्हाट्यावर आणायचं का?' हा पहिला प्रश्न असतो. दुसरा असतो, 'त्यानं काही फरक पडतो का?' या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न महाराष्ट्रातही झाला आहे.

समुपदेशन आणि वर्ग, यात फरक काय?

आपल्याकडे नवरा-बायकोच्या नात्यात बाहेरचं माणूस येतं ते बहुतेक वेळा गाडी रुळावरून घसरल्यावर. आधी भावकी बसते, मग पाहुणे बसतात. तिथे मिटलं नाही तर पोलीस ठाण्यातला महिला कक्ष, भरोसा सेल किंवा कौटुंबिक न्यायालयातला समुपदेशक. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात समुपदेशकाची तरतूद आहे, आणि त्याच वर्षी मुंबईत पोलीस यंत्रणेच्या आत महिलांसाठीचा विशेष कक्ष सुरू झाला. या सगळ्या ठिकाणी जोडपं पोहोचतं तेव्हा तक्रार लिहून झालेली असते.

वर्गाची कल्पना याच्या उलट आहे. तिथे कुणाची तक्रार नसते आणि निवाडाही नसतो. ज्यांचं बरं चाललंय, निदान अजून बिघडलेलं नाही, अशांना आधीच काही कौशल्यं शिकवायची. पोहायला शिकवावं तसं.

यातलं एक कौशल्य अगदी साधं आहे. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. बोलणं संपलं की आपण काय ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. मग पाळी बदलायची. अमेरिकेतल्या डेन्व्हर विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात अशा सरावांचा एक अभ्यासक्रम बांधला आणि पुढे तो अनेक देशांत गेला. 'तुम्ही कधी वेळेवर येता का?' याऐवजी 'तुम्हाला उशीर झाला की माझ्या जिवाला घोर लागतो' असं म्हणायला शिकणं, हा त्याचा गाभा. वाक्य बदललं की समोरचा लगेच अंगावर येत नाही, एवढंच त्यामागचं गणित.

मराठवाड्यात मात्र या सरावाला एक अडचण आहे, जी डेन्व्हरमध्ये नव्हती. तिथे दोघं एकमेकांना नावानं हाक मारतात. इथे ती त्याला 'अहो' म्हणते, चारचौघांत 'आमचे हे' किंवा 'मालक' म्हणते आणि तो तिला 'तू' म्हणतो. चार माणसांत नवऱ्याचं नाव घ्यायचा हक्काचा प्रसंग म्हणजे उखाणा, तोही यमक जुळवून. अशा दोघांना 'आता समान पातळीवर बोला' असं सांगितलं तर बोलायचं कुणी आणि ऐकायचं कुणी, हे ठरलेलंच असतं. म्हणून इथला अभ्यासक्रम भाषांतर करून चालत नाही, तो इथेच बांधावा लागतो.

पुण्यातला प्रयोग: 'घ्या भरारी एकत्र'

तसा एक अभ्यासक्रम पुण्यात बांधला गेला. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे भोसरीतली 'नारी', आणि अमेरिकेतलं एमरी विद्यापीठ यांच्या संशोधकांनी मिळून तो तयार केला. डॉ. अमिता कालोखे आणि डॉ. सीमा सहाय ही त्यातली प्रमुख नावं. कार्यक्रमाचं नाव 'घ्या भरारी एकत्र'. पुण्यातल्या झोपडपट्ट्यांमध्ये राहणाऱ्या नवविवाहित जोडप्यांसाठी तो होता आणि २०१८ मध्ये २० जोडप्यांबरोबर त्याची पहिली चाचणी झाली.

एड्सवर काम करणारी संस्था नवरा-बायकोच्या भांडणात का पडली, असं वाटू शकतं. घरात हिंसा असेल तर बाई निरोध वापरायचा आग्रह धरू शकत नाही, तपासणीला जाऊ शकत नाही, औषध लपवून ठेवते. संसर्गाचा धागा असा थेट नात्यापर्यंत जातो.

कार्यक्रमाची एकूण सहा सत्रं. पहिल्या सत्रांत 'हिंसा' हा शब्द पुढे नव्हता. एकमेकांसोबत वेळ कसा घालवायचा, तिथून सुरुवात. मग स्वतःबद्दलचा विश्वास, ताण कसा पेलायचा, बोलणं आणि वाद सोडवणं, पुढच्या आयुष्याची ध्येयं एकत्र ठरवणं, लैंगिक संबंध आणि प्रजनन आरोग्याबद्दल मोकळं बोलणं. हिंसेबद्दलच्या समजुती, म्हणजे 'एखादी चापट मारली तर काय झालं' हा प्रकार, शेवटी. हा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्याच दिवशी 'बायकोला मारू नका' असा फलक लावला असता तर दुसऱ्या दिवशी एकही नवरा आला नसता.

सत्रं घेणारे कुणी डॉक्टर किंवा प्राध्यापक नव्हते. प्रशिक्षण दिलेले, वस्तीतल्या माणसांची भाषा बोलणारे सामान्य कार्यकर्ते होते. खेळ, छोटी नाटुकली आणि गटचर्चा यांतून विषय पुढे जायचा.

नवविवाहितच का निवडले? कारण कोण बोलणार, पैसे कुणाच्या हातात राहणार, कुणाचा शब्द शेवटचा, या सवयी लग्नाच्या पहिल्या काही महिन्यांत बसतात. एकदा बसल्या की हलत नाहीत. अर्थात २० जोडपी म्हणजे फार छोटी चाचणी. असा वर्ग आपल्याकडे घेता येतो, जोडपी येतात, विषय काढता येतात, एवढं तिनं दाखवलं. त्यावरून महाराष्ट्रभराचा निष्कर्ष काढणं घाईचं होईल.

गटच का? घरी जाऊन सांगितलं तर?

तेही करून पाहिलं गेलं आहे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात 'चार्म' नावाचा मोठा अभ्यास झाला. ५० गटांमधली १,०८१ तरुण जोडपी त्यात होती. गावातल्याच पुरुष आरोग्य व्यावसायिकांना प्रशिक्षण देऊन तीन सत्रं घेतली गेली. दोन फक्त नवऱ्यासोबत, तिसरं दोघांसोबत. विषय कुटुंबनियोजन, पण त्यात बायकोचा मान आणि तिची संमती हे मुद्दे गुंफलेले.

निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. या जोडप्यांमध्ये गर्भनिरोधकांबद्दल बोलणं आणि त्यांचा वापर वाढला होता. दीड वर्षानंतर या गटातल्या बायकांनी नवऱ्याकडून लैंगिक जबरदस्ती झाल्याचं सांगण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मी होती. फक्त तीन सत्रांसाठी हा परिणाम कमी नाही.

मग गटाची गरज काय? गटात एक गोष्ट घडते जी घरी घडत नाही. पाण्याचा हंडा बायकोकडून आपण घेतला तर लोक हसतील, असं प्रत्येक नवऱ्याला वाटत असतं. गटात बसल्यावर कळतं की शेजारचाही तसंच समजून गप्प आहे. एकानं 'मी घरी चहा करतो' असं कबूल केलं की दुसऱ्यालाही बोलायचा धीर येतो. शिकवणाऱ्यानं तासभर भाषण दिल्यानं जे होत नाही ते कधी कधी शेजारच्याच्या एका वाक्यानं होतं. 'लोक काय म्हणतील' हे ज्यांच्यामुळे आपण म्हणतो, ते लोकच समोर बसलेले असतात.

बायकांच्या बाजूनं फायदा वेगळा आहे. आपल्या घरातलं जे आपल्याला आपलं नशीब वाटतं ते चार घरांत तसंच आहे, हे ऐकलं की ते नशीब राहत नाही.

धोका कुठे आहे?

याच ठिकाणी आहे. वर्गात बायको काही बोलली आणि घरी गेल्यावर त्याचा हिशेब झाला तर? ज्या घरात आधीपासून मारहाण आहे, तिथे दोघांना एकत्र बसवणं बाईच्या जिवावर येऊ शकतं. म्हणून जबाबदार कार्यक्रमांत आधी बायकांशी स्वतंत्रपणे बोललं जातं. बरेच कार्यक्रम पुरुषांचे आणि बायकांचे वर्ग आधी वेगळे घेतात आणि नंतर दोघांना एकत्र आणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या साधारण चारपैकी एका विवाहित महिलेनं नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं होतं. म्हणजे आठ जोडप्यांच्या वर्गात अशा दोघी तरी असणार, असं धरूनच चालायला हवं. हिंसा चालू असेल तिथे वर्ग हा उपाय नाही. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, संरक्षण अधिकारी आणि १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

मोबाइलवर 'सात दिवसांत संसार सुधारा' अशा जाहिराती दिसतात त्यांच्याकडेही याच नजरेनं पाहता येईल. फी किती, हे नंतर. बायकोशी एकटीनं बोलायची सोय आहे का आणि मारहाणीची गोष्ट निघाली तर पुढे काय करायचं हे शिकवणाऱ्याला माहीत आहे का, हे आधी.

अमेरिकेनं पैसा ओतला, निकाल काय आला?

लग्नाचे वर्ग ही मूळची चर्चमधली रीत. स्पेनमध्ये गाब्रिएल काल्वो या धर्मगुरूंनी विवाहित जोडप्यांसाठी शनिवार-रविवारची शिबिरं सुरू केली आणि १९६० च्या दशकात ती अमेरिकेत पोहोचली. गोव्यात किंवा वसईत चर्चमध्ये लग्न करणाऱ्यांना विवाहपूर्व वर्गाची ओळख आहेच.

२००० नंतर अमेरिकी सरकारनंच यात उडी घेतली. गरीब जोडप्यांची लग्नं टिकली तर गरिबी कमी होईल, असा हिशेब होता. दोन मोठ्या चाचण्या झाल्या. लग्न न झालेल्या पण मूल झालेल्या पाच हजारांहून अधिक जोडप्यांच्या चाचणीत वर्गांमुळे एकत्र राहण्याच्या प्रमाणात एकंदरीत फरक पडला नाही. बाल्टिमोर शहरात तर उलट परिणाम दिसला. दुसरी चाचणी ६,२९८ विवाहित जोडप्यांची. अडीच वर्षांनी वर्गाला गेलेली जोडपी किंचित जास्त समाधानी होती, पण लग्न टिकण्याचं प्रमाण तेवढंच. प्रत्येक जोडप्यामागे हजारो डॉलर खर्च झाले होते.

रवांडात मात्र वेगळं चित्र दिसलं. तिथल्या 'बांदेबेरेहो' कार्यक्रमात तरुण बापांसाठी १५ सत्रं होती आणि त्यातल्या आठांना बायकाही यायच्या. सुमारे १,२०० जोडप्यांच्या चाचणीत, २१ महिन्यांनी, वर्षभरात मारहाण झाल्याचं सांगणाऱ्या बायका वर्गातल्या गटात ३३ टक्के होत्या, तर दुसऱ्या गटात ५७ टक्के. दुसऱ्या एका कार्यक्रमात गावातल्या बचत गटांमधून जोडपी निवडली आणि २१ सत्रं घेतली. तिथेही हिंसा कमी झाली.

दोन्हीकडे वर्गच होते, मग फरक कुठे? अमेरिकेत उद्दिष्ट होतं लग्न टिकवणं. रवांडात उद्दिष्ट होतं घरातली सत्ता कुणाकडे आहे यावर बोलणं आणि हिंसा थांबवणं. लग्न टिकणं आणि लग्न चांगलं असणं या दोन गोष्टी एक नाहीत. आपल्याकडे तर न टिकण्याची सोयच कमी, त्यामुळे घटस्फोटाच्या आकड्यांवरून संसार मोजणं फसवंच ठरेल.

नेमकी हीच गल्लत सरकारी घोषणांमध्ये होताना दिसते. गोव्यात जानेवारी २०२१ मध्ये तत्कालीन कायदामंत्री नीलेश काब्राल यांनी विवाहपूर्व समुपदेशन सक्तीचं करण्याची घोषणा केली, ती वाढत्या घटस्फोटांचं कारण देऊन. राष्ट्रीय महिला आयोगानं विजया रहाटकर यांच्या अध्यक्षतेखाली २०२५ मध्ये 'तेरे मेरे सपने' नावानं विवाहपूर्व संवाद केंद्रं सुरू केली. लग्नाआधी बोलणं चांगलंच. पण बोलायचं कशावर, हे ठरल्याशिवाय केंद्र उघडून भागत नाही.

महाराष्ट्रात याची जुनी परंपरा आहे, फक्त तिला 'वर्ग' हे नाव नव्हतं. विद्या बाळ यांच्या पुढाकारानं पुण्यात 'साथ-साथ' विवाह अभ्यास मंडळ सुरू झालं. अंधश्रद्धा निर्मूलन समिती 'जोडीदाराची विवेकी निवड' या विषयावर तरुणांच्या कार्यशाळा घेते. मुंबईत १९९३ पासून 'मावा' ही संस्था पुरुषांसोबत काम करते. 'समजदार जोडीदार' नावाचा एक उपक्रम महाराष्ट्रातल्या गावांमध्ये पुरुषांचे गट करून चालवला गेला. त्यातल्या काही नवऱ्यांनी घराच्या उताऱ्यावर बायकोचं नाव लावून घेतलं. गोड बोलण्यापेक्षा हा पुरावा जास्त वजनदार म्हणायला हवा.

मग उमापूरमध्ये काय अडतं?

पहिली अडचण वयाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के महिलांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. राज्याचा आकडा २१.९ टक्के आहे. नवविवाहितांच्या वर्गाला अठरा पूर्ण झालेलेच घ्यायचे म्हटलं, आणि तसंच घ्यायला हवेत, तर ज्या मुलीला गरज सर्वांत जास्त तीच बाहेर राहते. तिच्यासाठी जोडप्याचा वर्ग हा विषयच नाही, लग्न लांबवणं हा विषय आहे. गोदावरीच्या पलीकडे पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेनं हे १९९० च्या दशकाच्या शेवटी करून दाखवलं. मुलींसाठी वर्षभराचे जीवनकौशल्याचे वर्ग घेतले आणि त्या भागातलं लग्नाचं वय सुमारे एका वर्षानं पुढे सरकलं. एक वर्ष थोडं वाटतं. सोळाव्या वर्षी आई होणं आणि सतराव्या वर्षी होणं, यातला फरक बाळंतपणाच्या खाटेवर कळतो.

दुसरी अडचण निर्णयाची. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. यात डॉक्टरांचा, मुकादमाचा, खाड्याच्या दंडाचा आणि शौचालय नसलेल्या तळाचा वाटा मोठा आहे. तो नवरा-बायकोच्या वर्गानं सुटणारा नाही, आणि तसा दावा कुणी केला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण पिशवी काढायची की नाही, दुसऱ्या डॉक्टरला विचारायचं की नाही, त्यासाठी उचलीतून किती पैसे लावायचे, हे शेवटी एका घरात दोन माणसांत ठरतं. किंवा ठरत नाही, एकानं ठरवलेलं दुसरी मान्य करते. वर्गाचं काम तेवढ्याच जागेत आहे.

तिसरी अडचण सासूची. एकत्र घरात सून-मुलगा दोघं नटून वर्गाला निघाले तर आधी परवानगी कुणाची लागेल, हे सांगायची गरज नाही. पहिलं आमंत्रण घरातल्या मोठ्यांना देणं शहाणपणाचं ठरतं. 'आरोग्याचं शिबिर' म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा 'उमेद'च्या बचत गटाच्या बैठकीला जोडून वर्ग घेतला तर आशाताई घरी येऊन विचारू शकते. नवऱ्याला आणणं मात्र बचत गटाला अजून जमलेलं नाही. तो 'बायकांचा कार्यक्रम' म्हणून बाहेर पारावरच थांबतो.

आणि सगळ्यांत मोठी अडचण कॅलेंडरची. पुण्यातल्या वस्तीत वर्ग कधीही घेता येतो, फक्त नवऱ्याची सुट्टी सांभाळावी लागते. गेवराईसह बीडच्या अनेक तालुक्यांतली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. तळावर कोपीत राहायचं, पहाटे अंधारात उठायचं, फडात जायचं, रात्री गाडी भरायची. तिथे सहा आठवडे सोडा, सहा तास सलग मिळत नाहीत. परत आल्यावर मे महिना लग्नसराईचा, जून पेरणीचा. आषाढ लागला की नवी सून आखाडासाठी माहेरी, मग पंचमीला पुन्हा माहेरी.

पंचमीहून सून परत आली की दसऱ्यापर्यंत साधारण आठ आठवडे उरतात. त्यातला गौरी-गणपतीचा एक आणि नवरात्राचा एक आठवडा वजा केला तर राहतात सहा. पुण्यातल्या अभ्यासक्रमाची सत्रंही सहाच आहेत. याच दिवसांत मुकादम पुढच्या हंगामाची उचल घेऊन दारात येतो, आणि ती किती घ्यायची हे कोयत्याच्या दोन्ही बाजूंनी मिळून ठरवायची वेळही हीच असते.